तीन डबे, एक तुटका स्टड आणि मामांचा न उचललेला फोन

या वेळचं पत्र एका वाचक ताईंचं आहे. वय ४१, काम हिशेबाचं. त्यांच्या मामांनी आपली १९७७ सालची होंडा गोल्ड विंग जीएल-१००० त्यांना देऊन टाकली. मामा आता ७४ वर्षांचे आहेत. लांबलांबचे प्रवास केलेली ही गाडी १४ वर्षं शेडमध्ये उभी होती. ताई स्वतः हलकी मोटरसायकल चालवतात, पण याआधी त्यांनी शिलाई मशीनपलीकडे काही खोललेलं नाही. गाडी घेताना त्यांनी मामांना शब्द दिला, "वर्षभरात चालू करते. मग मी चालवीन, तुम्ही मागे बसायचं."

आठ महिने झाले. फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं आवरण), सामानाच्या पेट्या, सीट, सायलेन्सर, रेडिएटर, कार्ब्युरेटर असं सगळं उतरवून झालंय. इंजिन अजून चौकटीतच आहे. सायलेन्सर काढताना एक स्टड (आटे असलेली, बिनडोक्याच्या बोल्टसारखी दांडी) तुटून हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरच्या टोपणातच राहिला. नट-बोल्ट तीन डब्यांत एकत्र पडले आहेत आणि कुठला कुठचा ते आता कळत नाही. हँडलजवळ कुणीतरी बसवलेला एक जादा स्विच आहे, "तो कशाचा हे कुणालाच ठाऊक नाही." नवरा म्हणतो, सुटे भाग विकून मोकळी हो. मैत्रीण म्हणते, गॅरेजला दे. व्हिडिओतली माणसं सांगतात, इंजिन बाहेर काढा आणि शेवटच्या स्क्रूपर्यंत खोला. ताई लिहितात, "मामांचे फोन येतात, मी उचलत नाही. काय सांगू? इंजिन काढू, गॅरेजला देऊ की विकू?" खाली सही केली आहे, आरंभशूर.

---

ताई,

आधी त्या सहीबद्दल. आरंभशूर माणूस एक काम सुरू करतो आणि लगेच दुसऱ्याच्या मागे लागतो. तुम्ही आठ महिने त्याच शेडमध्ये त्याच गाडीसमोर उभ्या आहात. याला अडकणं म्हणतात, आणि अडकलेल्याला बाहेर काढता येतं. शिवाय तुम्ही उतरवलेल्या भागांची यादी मी दोनदा वाचली. त्यातलं जवळपास सगळं कधी ना कधी उतरवावंच लागणार होतं. वाया गेलंय असं मला त्यात काही दिसलं नाही. डबे सोडून. डब्यांकडे येऊच.

तुम्ही तीन पर्याय विचारलेत. तिन्हींच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत आहे, की ही गाडी नवी करायची आहे. हे कुणी ठरवलं? मामांनी तर नाही. तुमच्या पत्रात मामांच्या तोंडी नव्या रंगाचा किंवा चकचकीत क्रोमचा एक शब्दही नाही. तुम्ही त्यांना शब्द दिलात तो मागे बसवून नेण्याचा. त्यासाठी गाडी चालती हवी, थांबती हवी आणि भरवशाची हवी. चालती गाडी आणि नवी गाडी ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम नवखं माणूसही धीर धरून पार पाडू शकतं. दुसरं काम मुरलेल्या मेकॅनिकांनाही वर्षानुवर्षं पुरतं.

व्हिडिओतला माणूस सगळं खोलतो, कारण त्याच्याकडे गाडी उचलायचा लिफ्ट असतो, भाग काढून घ्यायला अशीच दुसरी गाडी असते, आणि त्याची दीड वर्षाची चिडचिड कापून वीस मिनिटांवर आणलेली असते. त्याला दोष देत नाही, मीही बघत बसतो. पण त्याचं वेळापत्रक तुमच्या शेडला लावू नका.

माझ्या पहिल्या जुन्या गाडीवर मी सगळ्यात आधी टाकीला रंग दिला. कारण काय, तर आपण काही केलंय असं डोळ्यांना दिसावं. पुढे ब्रेकमधली हवा काढताना ब्रेक ऑइलचे थेंब त्याच टाकीवर पडले. ते ऑइल रंग खातं. दुसऱ्या दिवशी फडक्याबरोबर रंगाचा पापुद्राच हातात आला. तेव्हापासून रंग शेवटी.

आता तुमच्या यंत्राबद्दल थोडं, कारण ते समजलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. जीएल-१००० बाजारात आली १९७५ साली. ९९९ सीसी, चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे निजवलेले. इंजिन पाण्याने थंड होणारं, मागच्या चाकाला साखळीऐवजी शॅफ्ट, म्हणजे फिरता दांडा. पेट्रोलची खरी टाकी सीटखाली, म्हणजे वजन खाली राहावं. दोन गुडघ्यांमध्ये दिसते ती टाकी खोटी, तिच्या पोटात वायरिंग आणि एअर फिल्टर. १९७७पर्यंतच्या गाड्यांना अडीअडचणीला किक मारायची दांडीही मिळायची आणि ती त्याच खोट्या टाकीत ठेवलेली असायची. तुमच्याकडे ती आहे का पाहा. डब्यात एखादी वाकडी दांडी दिसली असेल आणि तिची जागा सापडत नसेल, तर ती बहुधा हीच. फेअरिंग आणि पेट्या मात्र कंपनीने दिलेल्या नाहीत. जीएल-१००० उघडीच यायची, हा सगळा संसार मालक मागाहून जोडत. म्हणजे तुमच्या गाडीवरच्या बऱ्याच गोष्टी कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडणार नाहीत. हे लक्षात असू द्या.

हे इंजिन दिवसचे दिवस धावायला बांधलेलं आहे. १४ वर्षं उभं राहून त्याच्या क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) किंवा गिअरची झीज वाढत नाही. उभ्या गाडीत मरतं ते वेगळंच: रबर, पेट्रोल, ब्रेक, विजेचे जोड, बॅटरी, टायर. धावून झिजलेली गाडी असेल तर इंजिन खोलावं लागतं. उभी राहून बसलेली असेल तर इंजिनाच्या भोवतीचं सगळं करावं लागतं आणि इंजिन बहुतेक वेळा मिटलेलंच राहू देता येतं. म्हणून पहिला प्रश्न कुठल्याही पान्याआधीचा आहे. ही गाडी उभी का राहिली? शेवटच्या दिवशी ती स्वतःच्या चाकांवर, चालू इंजिनाने शेडमध्ये आली, की ढकलत आणली? धूर येत होता? गिअर निसटत होता? की मामांचे गुडघे दुखायला लागले आणि गाडी ठणठणीत होती? याचं उत्तर एकाच माणसाकडे आहे आणि त्याचा फोन तुम्ही उचलत नाही.

पण आधी डबे.

तीन डबे एकदम ओतू नका, एकेक घ्या. जुनी चादर अंथरा आणि आधी जाडीनुसार, मग लांबीनुसार ओळी लावा. या मॉडेलची वर्कशॉप मॅन्युअल आणि सुट्या भागांची सचित्र यादी दोन्ही मिळतात. त्या यादीत प्रत्येक जागेच्या बोल्टचं माप लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ सहा मिलिमीटर जाड, पंचवीस लांब. तुम्ही हिशेबाचं काम करता, हा तर ताळेबंद आहे. ओळखू आलेला बोल्ट त्याच्या जागी हलक्या हाताने दोन आटे फिरवून ठेवून द्या. भाग बसवायचा नसला तरी बोल्ट त्याच्या भोकात सगळ्यात सुरक्षित. यापुढे जे काढाल ते वेगळ्या पिशवीत, वर नाव आणि तारीख, आणि काढण्याआधी दोन फोटो, एक लांबून आणि एक जवळून. एक शनिवार-रविवार यात जाईल आणि तो गेल्या आठ महिन्यांतला सगळ्यात कामाचा ठरेल.

याच ओघात एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरचे नसतात. दिसायला सारखेच, पण त्यांचा घाट जेआयएस या जपानी मापाचा. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. लोक मग गंजाला शिव्या देतात. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढ्या दोन हत्यारांनी निम्मे न सुटणारे स्क्रू सुटतात.

इंजिनाबद्दल आता एकच शब्द: थांबा. बाहेर काढू नका. त्याला आधी चार प्रश्न विचारायचेत, आणि चौकटीत असतानाच त्यांची उत्तरं मिळतात.

पहिला प्रश्न, फिरतं का? चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि तीन-चार दिवस विसरून जा. सिलिंडर आडवे असल्यामुळे तेल खालच्या भिंतीला साचतं, म्हणून मध्ये एकदा पुन्हा थोडं सोडलेलं बरं. मग पुढचं कव्हर उघडून क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या दिशेने, हाताने हळू फिरवा. प्लग बाहेरच राहू द्यात. मऊ, चिकट अडथळा आला तर ठीक. टणकन अडलं तर तिथेच थांबा, पान्याला पाइप लावून ताकद वाढवू नका. सेल्फ मारून बघायचा मोह तर अजिबात नको.

दुसरा, टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारे पट्टे. या इंजिनात दोन असतात आणि ते रबराचे आहेत, म्हणजे उभ्या गाडीत मरणाऱ्यांच्या यादीतले. बेल्ट तुटला किंवा दात सरकला तर या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. तेव्हा बेल्ट कसाही दिसू दे, शेवटचा कधी बदलला ते छातीठोकपणे सांगता येत नसेल तर इंजिन चालू करण्याआधी दोन्ही नवे. यात एक आनंदाची बातमी आहे. रेडिएटर तुम्ही आधीच उतरवलाय, म्हणजे बेल्टपर्यंतची वाट मोकळी आहे. जुने काढण्याआधी सगळ्या खुणा जुळवून घ्या, नवे बसवल्यावर हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा.

तिसरा, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. चांगली बॅटरी लावून, प्लग काढलेले असताना गेजने चारही सिलिंडरचा दाब मोजा. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पहिल्यांदा आकडे कमी येतात, त्याने हबकू नका. चारांत आपसात किती फरक आहे ते बघायचं. एखादा फारच मागे असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगांची शंका, तसाच राहिला तर व्हॉल्व्हची. पुष्कळदा इंजिन काही दिवस चालल्यावर चिकटलेल्या रिंगा सुटतात आणि आकडे सुधारतात.

चौथा प्रश्न तीन पिवळ्या तारांचा, आणि तुमच्या मूळ शंकेचं उत्तर त्यातच आहे. गाडीची वीज बनवणारा स्टेटर या इंजिनाच्या मागच्या अंगाला आत बसवलेला आहे. तो बदलायचा तर इंजिन बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. त्यातून तीन पिवळ्या तारा येतात. मल्टिमीटर घ्या आणि प्रत्येक दोन तारांमधला रोध मोजा, तिन्ही जोड्यांत तो अगदी थोडा आणि सारखाच हवा. मग एकेक तार आणि इंजिनाची धातू यांच्यात मोजा, तिथे कसलाही जोड दिसता कामा नये. एखादी पिवळी तार इंजिनाशी जोडलेली दाखवत असेल तर स्टेटर जळालाय. तेव्हा खुशाल इंजिन बाहेर काढा, दोन दणकट माणसं हाताशी घेऊन. मग एकदा बाहेर आलंच आहे तर क्लच, मागचे सील, सगळं उरकून टाका. पण तारा ठीक असतील तर इंजिन राहू द्या तिथेच. त्या तारांचा प्लास्टिकचा जोड मात्र नीट बघा. तो वितळलेला, तपकिरी पडलेला सापडणं या गाड्यांत नेहमीचं आहे आणि पुष्कळदा स्टेटर चांगला असून दोष तेवढ्या जोडात असतो. चालू झाल्यावर थोडा वेग देऊन बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले की वीज बनतेय समजायचं.

अशा चार उत्तरांवर तुमचा मोठा निर्णय ठरेल. आत्ता तुम्ही तो भीतीवर ठरवताय.

कार्ब्युरेटर चार आहेत आणि एकमेकांना जोडलेले आहेत. चारही एकदम खोलू नका. एक खोला, साफ करा, बांधा, मग दुसरा. उरलेले तीन तुम्हाला नकाशा म्हणून उपयोगी पडतात. हवा-पेट्रोलचा छोटा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच शेवटपर्यंत आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा. जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) भोकात पोलादी तार घालू नका, भोक रुंदावतं आणि मग कितीही साफ केलं तरी गाडी नीट चालत नाही. रबराच्या सगळ्या रिंगा आणि गॅस्केट नव्या. चारांचा मेळ जमवणं हे शेवटचं काम व्हॅक्यूम गेज असलेल्या मेकॅनिककडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

टाकीत टॉर्चने पाहा. काडी पेटवून कुणी पाहत नसेल असं वाटतं, पण सांगून ठेवतो. आत गंज असेल तर टाकी काढावी लागेल, आणि तिच्यासाठी मागचं चाक आणि मडगार्ड उतरवावं लागतं. पातळ सायट्रिक ॲसिडने हलका गंज छान निघतो. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायची, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर धरतो. आतून लेप लावायचा की नाही यावर जुन्या गाड्यांची माणसं हमरीतुमरीवर येतात. माझं मत, भोक नसेल तर लावू नये. पुढे सुटला तर त्याचे पापुद्रे थेट कार्ब्युरेटरात जातात. चाक उतरवलंच आहे तर शॅफ्टच्या दात्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावा. हे दाते कोरडे राहून झिजणं हे शॅफ्टच्या गाड्यांचं जुनं दुखणं आहे आणि चाक लावल्यावर ते दिसत नाही.

आता ब्रेक. इथे माझा सूर बदलतो, कारण इतर ठिकाणी चूक झाली तर गाडी चालू होत नाही, इथे चूक झाली तर ती थांबत नाही. पुढे दोन डिस्क, मागे एक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि १४ वर्षांत कॅलिपरमधले (डिस्क पकडणाऱ्या चिमट्यांतले) पिस्टन गंजून जाम झालेले असणार. सगळे कॅलिपर खोलायचे, सील नवे, पिस्टनवर खड्डे असतील तर पिस्टन नवे. रबरी नळ्या बाहेरून कशाही दिसोत, सगळ्या नव्या. आतून फुगलेली नळी ब्रेक लावू देते पण सोडू देत नाही. ब्रेक ऑइल त्याच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र नको, ते सिलिकॉनचं असतं आणि यांच्यात मिसळत नाही. आणि जुन्या पॅडची धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने तर मुळीच उडवू नका. त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

टायरच्या कडेला DOT या इंग्रजी अक्षरांनंतरचे शेवटचे आकडे वाचा. चार असतील तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच असतील तर टायर २०००च्या आधीचा. तुमच्या बाबतीत वाचायचं ते केवळ कुतूहल म्हणून, कारण १४ वर्षांहून जुने टायर खोल नक्षी असली तरी जातातच. आतल्या ट्यूबही. आणि १९७७च्या गाडीला तारांची चाकं आहेत, तेव्हा प्रत्येक तार वाजवून पाहा. सैल तार बद्द वाजते.

इंजिन ऑइल मोटरसायकलचंच, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, मोटारीच्या निसरड्या ऑइलने तो घसरतो. कूलंट ॲल्युमिनियमला चालणारं, सिलिकेट नसलेलं. शेडमध्ये इंजिन चालू कराल तेव्हा दार सताड उघडं आणि पेट्रोलचं भांडं बाहेर. गाडी कोरडीच २६५ किलोच्या आसपास आहे, तेव्हा जॅकवर चढवताना एकटीने काही करू नका.

तुटलेला स्टड. मला वाटतं तुमचा हात खरा तिथे थबकला. आठ महिन्यांपैकी शेवटचे किती महिने त्या स्टडनंतरचे आहेत, सांगाल? एक्झॉस्टचे स्टड तुटतात. तापून आणि थंड होऊन गंजलेलं पोलाद ॲल्युमिनियममध्ये बसलेलं असतं, मुरलेल्या हातांतही ते तुटतात. हे काम तुम्ही स्वतः करू नका. ड्रिल जरा वाकडं गेलं तर हेडच जाईल. लेथवर काम करणारा चांगला माणूस गाठा. तो तुकड्यावर नट वेल्ड करून काढील किंवा बरोबर मध्यातून ड्रिल करील, आणि आटे गेलेच असतील तर नवे आटे देणारी हेलिकॉइल बसवील. बाकीचे स्टड सोडवण्याआधी गरम करा, भेदक तेल लावून रात्रभर ठेवा, आणि एकदम सोडवण्याऐवजी थोडं पुढे, थोडं मागे.

यावरून मैत्रिणीच्या सल्ल्याकडे येतो. सगळी गाडी गॅरेजला द्यायची? दुसऱ्याने खोललेली, डब्यांतून आलेली गाडी घ्यायला चांगला मेकॅनिक सहसा नाखूश असतो, आणि जो लगेच हो म्हणतो त्याच्याकडे ती आणखी तीन वर्षं कोपऱ्यात पडते. कामं तोडून द्या. स्टड लेथवर, टायर टायरवाल्याकडे, कार्ब्युरेटरचा मेळ मेकॅनिककडे. आणि ब्रेक तुम्ही बांधलेत तरी रस्त्यावर उतरण्याआधी ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचे. ही अट मी घालतोय. बाकीचं तुमचं.

विकण्याचं म्हणाल तर त्यात पाप नाही. बेल्ट, कॉम्प्रेशन, पिवळ्या तारा पाहून झाल्यावर जीव रमत नसेल तर विका. पण सुटी विकू नका. सुटे भाग विकताना आधी चांगले जातात आणि शेवटी चौकट आणि अपराधीपणा तुमच्याकडे उरतो. बोल्ट आपापल्या जागी असलेली, तपासणीचे आकडे लिहिलेली अर्धी गाडी हौशी माणूस आनंदाने नेतो. कुठल्याही परिस्थितीत कागद तुमच्या नावावर झालेत का ते आजच बघा. गाडी तयार आणि कागद अडकलेले, ही गोष्ट मी फार वेळा ऐकलीय.

राहिला तुमचा वर्षाचा शब्द. चार महिन्यांत हे सगळं होईल का? कामानंतरच्या संध्याकाळी आणि सुट्टीचे दिवस धरले तर नाही होणार, भाग यायलाच आठवडे लागतात. आणि झालं तरी पहिल्या फेरीला मामांना मागे बसवू नका. आधी एकटीने मोकळ्या जागेत, मग घराच्या आसपास. प्रत्येक फेरीनंतर नट, गळती, ब्रेक बघा. एवढं वजन हळू वेगात वळवणं हे वेगळं कौशल्य आहे, ते एखाद्या प्रशिक्षकाकडून शिकून घ्या. माझा आकडा ५०० किलोमीटरचा. तेवढी तुमच्या हाताखाली बिनतक्रार चालली की मग मागची सीट.

तेव्हा मामांना तारीख सांगायला फोन करू नका. तुमच्याकडे तारीख नाही. तुम्ही असं धरून चाललात की त्यांना तयार गाडीच दाखवायला हवी, उघडी गाडी पाहून त्यांना वाईट वाटेल. वाटेलही थोडं. पण ज्या माणसाने १९७७ची गोल्ड विंग इतकी वर्षं लांबच्या रस्त्यांवर चालवली, त्याने तिची पोटं कितीदा तरी उघडी पाहिली असणार. तुमच्या शेडमध्ये या यंत्राची माहिती असलेला एकच माणूस येऊ शकतो आणि त्याच्यापासूनच तुम्ही गाडी लपवताय. तुमच्या पत्रात आहे, स्विच कशाचा हे "कुणालाच ठाऊक नाही". कुणालाच म्हणजे कुणाला विचारलंत?

येत्या रविवारी चादर अंथरा, एक खुर्ची मांडा आणि मामांना बोलवा. पहिला डबा त्यांच्यासमोर ओता. गाडी कशी उभी राहिली ते विचारा, बेल्ट कधी बदलले ते विचारा, आणि तो स्विच दाखवा. मला विचाराल तर तो रेडिएटरच्या पंख्याचा असावा. या गाडीचा पंखा विजेवर चालतो आणि ठरावीक तापमानाला त्याला आपोआप चालू करणारा स्विच दगा देतो, म्हणून पुष्कळ मालक हाताने चालवायचा बसवून घेतात. पण मी अंदाज करतोय, बसवला त्यांनी आहे. काय निघालं ते मला कळवा.